मंत्रिमहोदय, दगडांवर रापण ओढता येत नाही

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

परवाच्या उधाणात आमचा मांगर, म्हणजे जाळी ठेवायची झोपडी, पुन्हा वाहून गेला. मागच्या वेळी तुम्ही स्वतः गोव्यातल्या पेडण्याच्या या किनाऱ्यावर आला होता. भरपाई देतो, होड्या चढवायला मोकळी जागा देतो, असा शब्द चारचौघांत दिला होता. भरपाईचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगत नाही. जागेऐवजी बांधासाठी ट्रक भरभरून दगड आले.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांब जाळं; ते दगडांवर ओढता येत नाही, साहेब. दोन्ही टोकांना माणसं उभी राहायला सपाट, रुंद वाळू लागते. दगडांत जाळं फाटतं, आणि बांध संपतो तिथली वाळू लाट अधिकच खाते. केरीची आडवी झालेली सुरूची झाडं जाऊन बघा.

अधिकारी सांगतात, हवामान बदललंय, जुळवून घ्या. मग आम्ही काय करतोय? होडीला मशीन बसवलं, पेट्रोलसाठी बायकोचं सोनं गहाण टाकलं. पाणी तापलं की बांगडा खाली जातो, म्हणून कांडाळी, म्हणजे पाण्यात उभी सोडायची जाळी, खोल सोडली. वादळाचा इशारा आला की घरी बसलो. २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या १९ वर्षांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली, हे पुण्याच्या शास्त्रज्ञांनीच मांडलंय. २०१९ मध्ये क्यार वादळ गेलं नाही तोच महा आलं, ऐन हंगामात. त्या बुडालेल्या दिवसांचे पैसे कोणी दिले? माझी आई जन्मभर आमच्या रापणीची मासळी म्हापशाच्या बाजारात विकायची. आज ती ट्रॉलरवाल्याकडून मासळी विकत घेऊन विकते.

आणि सगळं हवामानाच्या माथी मारू नका. एलईडी दिव्यांच्या उजेडाने मासे खेचून करायच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. तरी रात्री दर्यावर उजेड दिसतो, तो आम्हाला दिसतो आणि गस्तीच्या बोटीला दिसत नाही? गोव्याचा १९८० चा मासेमारी कायदा रापणकारांनी रस्त्यावर उतरून मिळवलाय, तो कोणी दान दिलेला नाही. दाट वस्तीच्या गावकिनाऱ्यावरची २०० मीटरची ना-विकास पट्टी, म्हणजे बांधकामाला मनाई असलेली जागा, केंद्राच्या २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेने ५० मीटरवर आणली. वाळूला मागे सरकायला जी जागा हवी, तीच हॉटेलांना मोकळी केली. पंचायतीपासून दिल्लीपर्यंत सगळ्यांना किनारा हवा आहे, किनाऱ्यावरची माणसं नकोत.

भरपाईचा निर्णय लेखी द्या. इशाऱ्यामुळे बुडालेल्या दिवसांची मजुरी ठरवा. आणि नारळी पौर्णिमेच्या आत आमच्या होड्यांच्या वाटेतले दगड उचला.

आपला,
पेडण्यातला एक रापणकार