पातळ तळाच्या बुटांविषयी, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, अनवाणी चालल्यासारखे वाटणारे ते बेअरफूट बूट दोघांनी घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून सविस्तर लिहिते. आधी उत्तर. तुम्ही घ्या, पण दोन-तीन महिने सवय करायची तयारी असेल तरच. आई, तू पातळ तळाचे मुळीच घेऊ नकोस. तुझ्यासाठी वेगळा जोड लागेल, त्याचं खाली लिहिलंय.

या बुटांत तीन गोष्टी एकत्र असतात. पुढचा भाग बोटं पसरतील इतका रुंद, टाच आणि चवडा एकाच पातळीवर, आणि तळ पातळ, हाताने सहज वळणारा. नेहमीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते आणि टाचेखाली अडीच-तीन सेंटिमीटर फोम असतो. यात उंचीचा फरक शून्य, आणि तळाचं रबर बहुतेक ३ ते ६ मिलिमीटरचं. जाहिरातीत हे तिन्ही गुण एकाच दमात सांगतात, पण पायावर त्यांचा परिणाम वेगवेगळा होतो. रुंदी जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून मानवते. सपाट टाचेची सवय व्हायला पोटरीला काही आठवडे लागतात. पातळ तळ मात्र ज्याच्या तळपायाची संवेदना शाबूत आहे आणि ज्याने पाय तयार केलाय त्यालाच झेपतो. म्हणून विकत घेताना रुंदी आधी बघायची, पातळपणा सगळ्यात शेवटी.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, बसून नाही. अंगावरचा भार आला की पाय लांबही होतो आणि पसरतोही. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्याने रेघ मारायची, तिरपी धरली की माप चुकतं. दोन्ही पावलांचं वेगवेगळं काढा. सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी घ्या (काहींचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं) आणि त्यात १० ते १२ मिलिमीटर मिळवा. तेवढी बुटाच्या आतली लांबी हवी. नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा नंबर निराळा. मग बुटातली आतली गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहा. करंगळी किंवा अंगठा गादीच्या बाहेर आला, तर तो बूट अरुंद आहे, दुकानदार काहीही म्हणो. शेवटी बूट हातात घेऊन चवड्यापाशी वाकवून बघा, टॉवेल पिळतो तसा पिळूनही बघा. दोन्हीकडे वळला पाहिजे. शाळेतले पीटीचे कॅनव्हास बूट स्वस्त, पातळ आणि सपाट असतात, पण पुढे निमुळते असल्यामुळे गादीच्या परीक्षेत बहुतेक नापास होतात.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर कोल्हापुरी घातली, मग वेगळी सवय कसली? त्यात तथ्य आहे. चप्पल सपाट असते, त्यामुळे तुमची टाचेमागची शीर उंच टाचेच्या बुटात वर्षं काढलेल्या माणसाइतकी आखडलेली नसणार. पण चपलेला मागे पट्टा नसतो. ती पडू नये म्हणून बोटं सतत आत आवळली जातात, पाऊल पुरतं वळत नाही. या बुटात बोटं मोकळी ठेवून, अंगठ्याने जमीन मागे ढकलत चालायचंय. ते काम करणारे तळपायातले छोटे स्नायू अजून झोपलेलेच आहेत.

त्यांना जागं करण्यापासून सुरुवात करा, बूट हातात येण्याआधीच. खुर्चीत बसून पाऊल फरशीवर सपाट ठेवा. बोटं न मुडपता चवडा टाचेकडे ओढायचा, म्हणजे कमान वर उचलली जाते. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. मग घरातला टेरीचा टॉवेल जमिनीवर पसरा आणि बोटांनी तो आपल्याकडे गोळा करा. नंतर फक्त अंगठा उचलायचा, बाकी चार बोटं जमिनीला. मग उलट. पहिल्या दिवशी अंगठा ऐकत नाही, हाताने धरून शिकवा. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचला: दोन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, दहा-दहाचे तीन फेरे. एक पाय मागे ठेवून पोटरीचा ताण दोन प्रकारे घ्या, एकदा मागच्या पायाचा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, प्रत्येकी ३० सेकंद. पोटरीत दोन स्नायू आहेत. गुडघा सरळ असला की वरचा ताणला जातो, वाकवला की खालचा. लोक दुसरा प्रकार विसरतात आणि नेमका तोच आखडलेला राहतो.

बूट आल्यावर पहिले दोन आठवडे फक्त घरात, रोज अर्धा तास. शहाबादी फरशी सपाट आहे, तेवढी पुरे. तिसऱ्या आठवड्यापासून एक दिवसाआड सकाळच्या फिरण्यातली पहिली दहा मिनिटं हे बूट, मग पिशवीतले जुने काढून घालायचे. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, जास्त नाही. चाळीस मिनिटांपर्यंत पोचायला दोन-अडीच महिने लागतील. एखाद्या आठवड्यात पोटरी जड वाटली तर वाढवू नका, त्याच मिनिटांवर थांबा. घरातल्या व्यायामाला मात्र लवकर वापरता येतील. खुर्चीतून हात न टेकता उठबस करताना किंवा एका पायावर तोल सांभाळताना मऊ फोम खाली दबतो आणि पाऊल डगमगतं, पातळ सपाट तळावर जमीन नीट कळते. तोल सांभाळताना भिंत हाताच्या अंतरावर असू द्या.

एवढी घाई नको म्हणण्याचं कारण हाडं. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, हाडांना वाढीव भार पचवायला त्याहून वेळ लागतो. पोटरी दुखायची थांबली की माणसाला वाटतं झालं, आणि तो एकदम तास-तास चालायला लागतो. नेमकं तेव्हाच चवड्याच्या मागच्या लांब हाडांना बारीक चीर जाण्याचा धोका असतो. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या बुटांतून बोटांच्या पातळ बुटांत (प्रत्येक बोटाला हातमोज्यासारखा वेगळा कप्पा असतो ते) दहा आठवड्यांत गेलेल्या धावपटूंच्या एमआरआयमध्ये पायाच्या हाडांत सूज दिसली होती. म्हणून दुखणं ओळखायला शिका. पोटरीत किंवा कमानीत कळ येऊन एक-दोन दिवसांत गेली तर चालेल. पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत, एका बोटाने दाबल्यावर ठरावीक जागी दुखलं, तर बूट बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ आली, किंवा टाचेमागची शीर चिमटीत धरल्यावर दुखली, तर निम्म्या मिनिटांवर परत या.

चवड्यावर चालायचा प्रयत्न करू नका. तो सल्ला धावणाऱ्यांसाठीचा आहे, चालणाऱ्यांच्या गळ्यात उगाच पडलाय. चालताना टाचच आधी टेकते, तशीच टेकू द्या, फक्त आपटू नका. पाऊल थोडं छोटं घेतलं की टाच आपोआप हलकी पडते. या बुटांत धावायचा विचार सध्या नकोच. १९६० साली रोमला अबेबे बिकिलाने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हे लोक कौतुकाने सांगतात. चार वर्षांनी टोकियोत त्यानेच बूट घालून पुन्हा सुवर्णपदक घेतलं, हे कोणी सांगत नाही.

सोलापूरची जमीनही लक्षात घ्या. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर डांबर तापतं आणि पातळ तळातून ते थेट पायाला कळतं. तेव्हा फिरणं उजाडतानाच. सराट्याचे काटे आणि बाभळीचा लांब काटा पातळ रबरातून आरपार येतो, त्यामुळे मोकळ्या माळावर हे बूट नकोत, सिद्धेश्वर तलावाकाठचा सपाट रस्ता बरा. पावसाळ्यात काळी माती तळाला चिकटली की खाचा भरतात आणि पाय सटकतो. त्या दिवसांत जुनेच बूट घाला.

आता आई, तुझं. तुला मधुमेह आहे आणि तळपायाला अधूनमधून मुंग्या येतात असं तूच म्हणालीस. मुंग्या येणाऱ्या पायाला खडा टोचलेला उशिरा कळतो, कधी कळतच नाही. पातळ तळाचा सगळा फायदा जमीन जाणवण्यावर उभा आहे, जाणवतच नसेल तर फक्त जखम होण्याचा धोका उरतो. शिवाय वयाबरोबर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते. तुला बुटाचा पुढचा भाग रुंद आणि उंच हवा, तळ सपाट पण जाड आणि मऊ, आतून शिवण न टोचणारा, वर पट्टा सैल-घट्ट करता येणारा. घरात एमसीआरची (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची), मागे पट्टा असलेली चप्पल घाल, अनवाणी फिरू नकोस. अंगठ्याच्या मुळाशी जे हाड बाहेर आलंय ते रुंद बुटाने घासायचं थांबेल, पण सरळ होणार नाही. तसं सांगून कोणी महाग बूट गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. देवळात जाशील ती सकाळी लवकर, दुपारी तापलेल्या फरशीवर भाजलं तरी कळणार नाही. रोज रात्री तळपायाखाली आरसा धरून बोटांच्या बेचक्यांसकट बघ. तुला जमलं नाही तर बाबांनी बघायचं. डॉक्टरांकडे जाशील तेव्हा १० ग्रॅमच्या धाग्याने (तेवढा दाब पडला की वाकणारा नायलॉनचा धागा) पायाची संवेदना तपासून मागून घे. दोन मिनिटांची तपासणी आहे, दुखत नाही.

बाबा, या बुटांबद्दल जे दावे होतात त्यातलं थोडंच खरं मानायचं. बोटांचे बूट बनवणाऱ्या व्हिब्रॅम कंपनीने आरोग्याच्या दाव्यांवरून झालेला खटला २०१४ साली सुमारे ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला. दुसरीकडे, २०२१ साली लिव्हरपूलच्या संशोधकांनी सहा महिने रोजच्या वापरात असे बूट घालणाऱ्यांच्या पायाची ताकद सरासरी ५७ टक्क्यांनी वाढल्याचं दाखवलं. ती निरोगी माणसं होती. गुडघेदुखी जाते, पाठ सुधारते, असल्या आश्वासनांवर मी तरी पैसे खर्च करणार नाही.

दोघांच्या पावलांच्या रेघा कागदावर काढून त्याचा फोटो पाठवा. शेजारी फूटपट्टी ठेवा आणि डावा-उजवा लिहा. आईचाही कागद हवा, तिचा जोड आधी बघू. तुमचा तिची तपासणी झाल्यावर.

तुमची,
लेक