देवबाग सहल : होडीबाबत सूचना

सभासदांनो, कर्ली खाडीतली होडी माणशी नव्हे, अख्खी ठरवायची. भाव बोलतानाच डिझेल आणि थांबण्याचे पैसे त्यात धरून घ्या. वाद नेहमी तिथेच होतो. रविवार सोडून मंगळवार धरलाय तो दर उतरावा म्हणूनच.

त्या दिवशी षष्ठी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; षष्ठी म्हणजे सहा, म्हणून साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती. साडेतीनला धक्क्यावर या, सहाच्या आत परत. उशीर झाला की ओहोटीत सुनामी बेटालगत (खाडीतलं वाळूचं बेट) होडी वाळूवर बसते, मग ढकलायला आपणच!

माणसं तितकी लाइफ जॅकेटं मोजून घ्या. बंद तुटलेलं असेल तर तिथल्या तिथे बदला. खाणं घरून: घावणे, सुकी चटणी. रस्सा नको, सांडतो. कागदी पत्रावळ्या वाऱ्यावर उडतात, स्टीलच्या ताटल्या आणा. दारू, काचेच्या बाटल्या अजिबात नकोत.