वय कमी करण्याआधी काउंटरवर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारू पिण्याचे किमान वय २५ वरून २१ वर आणावे, ही मागणी महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढते. हरियाणाने २०२१ मध्ये कायदा बदलून तसे केलेही. शेजारच्या गोव्यात तर १८ पुरते. पण आपला आजचा नियम प्रत्यक्षात कसा चालतो, हे या वादात कुणी बघत नाही.

आपल्याकडे वये दोन आहेत. बिअर-वाइनला २१ आणि व्हिस्की, रम यांसारख्या कडक दारूला २५. बिअर सौम्य, म्हणून चार वर्षे आधी, असा त्यामागचा विचार. आता हिशेब मांडा. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची धरली, तर तिच्यात ५२ मिली, म्हणजे वजनाने सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये ते २० ग्रॅम भरते. एक स्ट्राँग बाटली म्हणजे दोन लार्ज! ५ टक्क्यांची माइल्ड बाटलीसुद्धा एका लार्जपेक्षा थोडी जास्तच. मग बाटलीच्या लेबलावरून वय ठरवण्यात काय अर्थ आहे?

साठ किलोच्या मुलाने ती स्ट्राँग बाटली रिकाम्या पोटी तासाभरात संपवली, तर रक्तात दर १०० मिलीमागे ८० ते ९० मिलिग्रॅम अल्कोहोल सापडेल. मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची. यकृत ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच खाली आणते. त्यामुळे मर्यादेच्या आत यायला आणखी चार तास लागतात. पन्नास किलोच्या मुलीला याहून कितीतरी जास्त. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याने आंघोळ यांनी यकृताचा वेग वाढत नाही. ‘एकच बिअर घेतली’ म्हणून दुचाकीला किक मारणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेले नसते.

आता परवान्याकडे येऊ. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, हेच अनेकांच्या गावी नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली एका दिवसाचा परवाना विदेशी मद्याला पाच रुपयांत आणि देशीला दोन रुपयांत मिळतो, तोही दुकानातच. त्यावर पिणाऱ्याचे नाव आणि वय लिहायचे असते. वय तपासायची ही तयार व्यवस्था आहे, आणि तीच सर्वांत पोकळ झाली आहे. गिऱ्हाईक बाटली घेऊन निघून जाते आणि परवान्याची पुस्तके मागाहून, विक्रीच्या आकड्याशी मेळ बसेल अशी, मनाला येईल त्या नावांनी भरली जातात. त्या पानांवर अठरा वर्षांचा मुलगा कधी सापडणारच नाही.

परमिट रूममध्ये वेगळीच गोम आहे. टेबलावर सहा जण बसतात, ऑर्डर त्यातला सर्वांत थोराड दिसणारा देतो, वेटर विचारलेच तर त्याला विचारतो आणि ग्लास सहा ठेवतो. ओळखपत्र दाखवलेच तर ते मोबाइलमधला फोटो असतो. फोटोतला जन्मसालाचा एक आकडा बदलायला पाच मिनिटे लागत नाहीत.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी पबमध्ये त्याला मद्य दिले गेल्याचे पोलिस तपासात पुढे आले. तिथे २५ ची मर्यादा मोडली, २१ ची मोडली, आणि गोव्यासारखी १८ ची असती तर तीही मोडलीच असती.

वय १८ करण्याला माझा ठाम विरोध आहे. मतदान अठराव्या वर्षी, मग दारू का नाही, हा युक्तिवाद अमेरिकेने करून पाहिला आहे. तिथे १९७१ मध्ये मतदानाचे वय १८ झाल्यावर अनेक राज्यांनी पिण्याचे वयही खाली आणले. तरुणांचे अपघाती मृत्यू वाढले, आणि १९८४ मध्ये २१ ची अट न पाळणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याचा कायदा करावा लागला. सर्व राज्यांत पुन्हा २१ व्हायला १९८८ उजाडले.

सगळ्या दारूला मिळून २१ हे एकच वय ठेवायला मात्र हरकत नसावी. पण आधी काउंटर दुरुस्त करा. फोटो किंवा झेरॉक्स चालणार नाही. आधारवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की जन्माचा तपशील आणि फोटो आधार प्राधिकरणाच्या डिजिटल स्वाक्षरीसह समोर येतो, छपाईत केलेली खाडाखोड तिथे टिकत नाही. एक दिवसाचा परवाना त्याच स्कॅनमधून, विक्रीच्या क्षणी, वेळेसह निघावा. कोरी पुस्तके बंद व्हावीत. ब्रिटनमध्ये वय १८ असूनही बरीच दुकाने पंचविशीच्या आतला दिसणाऱ्या प्रत्येकाकडे ओळखपत्र मागतात. आपल्याकडे तिशीच्या आतला दिसणाऱ्याला विचारावे, म्हणजे चेहऱ्यावरून अंदाज बांधायची जबाबदारी वेटरवर राहणार नाही. पबमध्ये तपासणी दारातच व्हावी आणि वयात बसणाऱ्यांच्या मनगटाला पट्टी बांधावी. पट्टी नसलेल्या हातात ग्लास दिसला की दोष कुणाचा, हे लगेच कळते.

दुकानाचा किंवा पबचा विक्री परवाना निलंबित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहेच. अपघात झाल्यावर आठवडाभर पबना कुलपे ठोकण्यापेक्षा उत्पादन शुल्क खात्याने दर महिन्याला, न कळवता, शनिवारी रात्री दहानंतर तपासणी करावी आणि कोणत्या दुकानावर काय कारवाई झाली, ते जिल्ह्याच्या संकेतस्थळावर नावानिशी टाकावे.

– एक निवृत्त उत्पादन शुल्क निरीक्षक, सांगली