आमच्या घुमटवादकासाठी मदतीचे आवाहन

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या आरती मंडळात घुमट (मातीचे, चामड्याने मढवलेले वाद्य) वाजवणारा आमचा गडी पेशाने पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. वय ४२. गेले काही महिने तो माडावर चढलेला नाही आणि घरात दुसरी मिळकत नाही.

लघवीला गेला की त्याला दरदरून घाम सुटायचा, छाती धडधडायची, डोके ठणकायचे. दोनदा न्हाणीतच चक्कर येऊन पडला. वाड्यावर 'बाहेरचे' म्हणून चर्चा झाली, देवाला गाऱ्हाणेही घालून झाले. (घालणाऱ्यांत आम्हीही होतो.) लघवीतून रक्त आले तेव्हा सोनोग्राफी झाली आणि मूत्राशयाच्या भिंतीत गाठ दिसली. २४ तासांची लघवी साठवून मेटानेफ्रिनची (अॅड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थांची) चाचणी केल्यावर नाव कळले: पॅरागँग्लिओमा. मूत्राशयाच्या हजार गाठींत अशी एखादीही सापडत नाही. ती नॉरअॅड्रेनॅलिन हे रक्तदाब वाढवणारे संप्रेरक रक्तात सोडते. लघवी करताना मूत्राशय आकसले की गाठ दाबली जाते, म्हणून त्रास नेमका तेव्हाच.

"मग कापून टाका की!" असे भेटेल तो म्हणतो. गोम तिथेच आहे. तयारी न करता गाठीला नुसता धक्का लागला तरी रक्तदाब भडकून जीव जाऊ शकतो. आधी १० ते १४ दिवस अल्फा ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणाऱ्या गोळ्या, डॉक्टर सांगतील तसे पाणी आणि मीठ, रोज बसून आणि उभ्याने रक्तदाब मोजणे. धडधड राहिलीच तर त्यानंतर बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या. हा क्रम उलटा चालत नाही. मग मूत्राशयाचा तेवढा भाग काढतात. हा आजार कधी कधी आनुवंशिक असतो, तेव्हा जनुकीय चाचणीही आली. पुढच्या तपासण्या आयुष्यभराच्या.

उपचार मुंबईत, परळला टाटा स्मारक रुग्णालयात घ्यायचे ठरले आहे. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड आहे, त्यातून मिळेल ते मिळेल. पण पेट (PET) स्कॅन, थिवी स्टेशनाहून रेल्वेच्या फेऱ्या, दोघांचे तिथले राहणे-जेवण, बुडालेली मजुरी यांना आजच पैसा हवा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का, ते पाहत आहोत. परळच्या आसपास कोणाची खोली असल्यास जरूर कळवा.

मदत खजिनदाराकडे, देवळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी आरतीनंतर द्यावी. १०० रुपये दिले तरी पावती मागून घ्या. हिशेब दर रविवारी फळ्यावर लावू. मुंबईतल्या नातेवाइकांपैकी कोणी रक्त देऊ शकत असेल तर त्यांचा रक्तगटही नोंदवून ठेवा.

– सचिव, आरती मंडळ