गॅस भरण्याआधी अडवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून लिहून कळवतोय. आणि उघडपणे लिहितोय, कारण आमच्यासारखा दिवसभर घरघरणारा एसी आणखी कुणाकुणाच्या घरी असेलच.

त्या दुपारी मी तुमच्या दारात आलो तो खरं तर सल्ला मागायला नाहीच. एसी सकाळपासून चालू, सेटिंग 18 वर, आणि खोली 29 च्या खाली यायला तयार नाही. बघायला आलेला माणूस पाच मिनिटांत ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असं सांगून गेला होता. तुम्ही नुसतं ‘घे भरून’ म्हणावं, एवढीच माझी अपेक्षा. तुम्ही विचारलंत, “कमी झाला म्हणजे गेला कुठे?”

मी गप्प. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळ्यांमधून तोच तो फिरत राहतो, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता वरून कितीही भरा, पुन्हा जाणारच.

मग दुसरा प्रश्न, “रात्री गार होते का खोली?” होते की! पहाटे तर पांघरूण शोधावं लागतं. “मग गॅसचं नंतर बघू,” म्हणत तुम्ही चपला घातल्या.

फिल्टर धुतलेले आहेत हे मी जरा ऐटीतच सांगितलं, तुम्ही तिकडे फारसं लक्ष दिलं नाहीत. तुमचा तो छोटा डिजिटल थर्मामीटर आधी एसीच्या वरच्या बाजूला धरलात, जिथून हवा आत जाते तिथे: 29. मग खाली झोताच्या तोंडाशी: 23. फरक सहाचा, तर तो आठ ते बाराचा तरी हवा. बाहेरच्या युनिटकडे जाणारी जाड नळी हाताला गार, तिला घाम सुटलेला, बर्फ कुठेच नाही. बर्फ धरला असता तर गोष्ट वेगळी, म्हणालात.

खरी गंमत गॅलरीत झाली. आउटडोअर युनिट दिसायला वाईट म्हणून मी त्याच्याभोवती लाकडी पट्ट्यांची जाळी ठोकली होती, स्वतःच्या हाताने, दोन रविवार घालवून. तुम्ही जाळीतून हात घालून थर्मामीटर युनिटच्या मागे धरलात. 47! गॅलरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, सावलीत, 38. “स्वतःच सोडलेली गरम हवा हा पुन्हा ओढून घेतोय,” एवढंच बोललात. एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. बाहेर टाकायलाच जागा नसेल तर बिचारा किती धावणार? रात्री बाहेरची हवा उतरते, म्हणून तेवढं निभत होतं.

जाळीला तुम्ही हसला नाहीत, हे मी विसरणार नाही.

आणि मी उत्साहाने पेचकस घेऊन युनिटचं झाकण उघडायला निघालो, तेव्हा मनगट धरलंत तेही. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, चार्ज राहतो, हे मला कुठे ठाऊक होतं. झाकण तसंच राहू दिलं, एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली पाडला आणि फक्त मागची, उष्णता बाहेर टाकणारी कॉइल धुतली. धुळीचा थर अक्षरशः गोधडीसारखा सोलून निघाला. मऊ ब्रश आणि पाण्याची हलकी धार. जोरात मारली तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या वाकतात.

पुन्हा चालू केल्यावर अर्ध्या तासाने फरक अकराचा आला. तुमच्या सांगण्यावरून सेटिंग 25 वर ठेवलं. इन्व्हर्टर नसलेल्या, म्हणजे गॅस फिरवणारा कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत 18 लावून खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर थांबायचं तेवढं लांबतं, हे घरी अजून कुणाला पटलेलं नाही. संध्याकाळी ‘खट्’ आवाज झाला आणि बाहेरची घरघर थांबली. बायको धावत आली, “बंद पडला का?” कॉम्प्रेसर आपणहून थांबतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो!

जाळी काढली, आता तिच्यावर वेल चढवलाय. तुमचा थर्मामीटर माझ्याकडेच राहिलाय. रविवारी द्यायला येतो, तेव्हा तरी विषय बदलू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा सुतार