आता एवढे करतोच आहोत, तर…

नेरुळ, नवी मुंबई

चि. केतकीस अनेक आशीर्वाद.

घोडबंदर रोडच्या घराच्या स्वयंपाकघराचे कोटेशन मी चष्मा लावून दोनदा वाचले. तुम्ही दोघांनी अडीच लाख ठरवले होते. कागदावर चार लाख दहा हजार आहेत आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिले आहे. १८ टक्के धरले की हा आकडा ४,८३,८०० होतो.

एवढे पैसे कुठे गेले हे शोधताना मला माझेच २०१९ सालचे काम आठवले. आपल्या सिडकोच्या घरातली शेगडी उत्तम चालत असताना मी हॉबचा, म्हणजे ओट्यात बसवायच्या शेगडीचा, हट्ट धरला. त्यासाठी ग्रॅनाइटचा ओटा कापताना त्याला तडा गेला, म्हणून ओटा बदलला. ओटा काढताना मागच्या टाइल्स फुटल्या आणि तशाच टाइल्स बाजारात मिळेनात, म्हणून सगळी भिंत नवी केली. हॉब ७५ सेंटिमीटरचा आणि चिमणी ६० ची, म्हणून चिमणीही गेली. दर वेळी कंत्राटदार एकच वाक्य म्हणत असे, ‘‘आता एवढे करतोच आहोत, तर…’’, आणि तुझे बाबा मुकाट्याने चेकबुक काढत.

तुझ्या कागदावर ओव्हनचे तेच होणार आहे. भिंतीतला ओव्हन म्हणजे त्याच्यासाठी उंच कपाट, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, मुख्य बोर्डापासून नवी वायर आणि ती नेण्यासाठी भिंत फोडणे. तुम्ही महिन्यातून किती वेळा केक करता, हे समीररावांना एकदा विचार. सिंक खिडकीखाली नेण्याचा विचारही सोडावा, कारण सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यायचा तर लादी उखडावी लागेल, वॉटरप्रूफिंग पुन्हा करावे लागेल आणि खालच्या घराच्या छताला ओल आली तर सोसायटीत तोंड दाखवणे कठीण होईल.

अ‍ॅक्रिलिकच्या दारांना चौरस फुटामागे ‘फक्त दोनशे रुपये’ जास्त पडतात, असे दुकानदाराने सांगितले ना? तुझी दारे ११० चौरस फूट भरतात. म्हणजे २२,००० रुपये आणि करासह २५,९६०. त्यांतली निम्मी दारे तर माळ्याची आहेत, तिथे गणपतीची मखर आणि जुने कुकर राहणार. तिथे साधे लॅमिनेट पुरे.

मात्र सिंकखालच्या कपाटाच्या प्लायमध्ये एक रुपयाही वाचवू नकोस. तिथे बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा प्लायच हवा, आणि त्यावरचा आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का कारखान्यातून माल येईल तेव्हा स्वतः पाहा. क्वार्ट्‌झऐवजी ओट्याला ग्रॅनाइट घे, असेही सुचवते. क्वार्ट्‌झमध्ये रेझिन असते, ते उष्णतेने खराब होते, आणि आपल्याकडे तापलेली कढई सरळ ओट्यावर टेकवण्याची सवय कुणाची सुटलेली नाही.

एका गोष्टीला पैसेच लागत नाहीत आणि तीच कागदावर चुकली आहे. ओट्याची उंची ३४ इंच दाखवली आहे; पाच फूट एक इंच उंचीच्या तुला तिथे पोळ्या लाटताना खांदे भरून येतील. शनिवारी मी पोळपाट आणि टेप घेऊन येते. तोवर आगाऊ रक्कम देऊ नका.

तुझी,
आई