ऐतिहासिक मालिका इतक्या मिळमिळीत का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय वाहिनीवरच्या ऐतिहासिक मालिका आमच्या घरी नेमाने पाहिल्या जातात. त्यांची भाषा सभ्य असते, सासू-सुनांची कारस्थाने नसतात आणि लहानमोठ्यांना एकत्र बसून निःसंकोच पाहता येते, ही सोय मला मोलाची वाटते. परंतु या सोज्वळपणापायी त्यांतला इतिहासच निघून गेला आहे, म्हणून हे पत्र.

परवा अशीच एक मालिका चालू असताना नववीतल्या नातीने विचारले, "आजोबा, या राजाचं आणि इंग्रजांचं भांडण नक्की कशावरून आहे?" तिचे तीन भाग आम्ही पाहिले होते, तरी मला उत्तर देता आले नाही. तह कोणता होता, सारा किती होता, दत्तक वारसाचा वाद होता की फौजेचा पगार थकला होता, यांपैकी काहीच पडद्यावर आले नव्हते. दिसली ती आरतीची तबके, सुरकुती न पडलेले अंगरखे आणि संथ पार्श्वसंगीतावर एकेक शब्द तोलून म्हटलेली देशभक्तीची वाक्ये. यातल्या नायकाला कधी भीती वाटत नाही, त्याचा निर्णय चुकत नाही, आणि फितूर झालेल्या माणसाला फितूर का व्हावेसे वाटले, हे तर कोणी सांगतच नाही.

दूरदर्शनला हे जमत नाही, असे मुळीच नाही. १९८८ मध्ये याच दूरदर्शनने गोविंद निहलानी यांची फाळणीवरील 'तमस' दाखवली; तिच्या प्रसारणाला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि ते आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही टिकले नाही. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ५३ भागांच्या 'भारत एक खोज'ने हजारो वर्षांचा इतिहास त्यातल्या मतभेदांसह घराघरांत नेला.

आम्हा सांगलीकरांना तर हे अधिकच खटकते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केले ते याच गावात, आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा जन्मही इथलाच. खाडिलकरांचे 'कीचकवध' हे पौराणिक नाटक. त्यातही मुकुट, दागिने आणि दरबार होताच. पण प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. जुन्या काळाची गोष्ट सांगताना चालू काळातल्या माणसाला हलवता येते, हे शंभर वर्षांपूर्वी आमच्या रंगभूमीला ठाऊक होते.

विषयांची वाण आहे, असेही म्हणता येत नाही. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीचा तुरुंग फोडला. गोळीबार झाला, साथीदार मारले गेले आणि दादांना गोळी लागली. त्याच काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या गावोगावी न्यायनिवाडे करीत होते आणि गुन्हेगारांच्या व खबऱ्यांच्या तळपायांवर मार देत होते. १९४४ मध्ये गांधीजींनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, तेव्हा गांधीजींना मानणारे इथले अनेक कार्यकर्ते तरीही भूमिगतच राहिले. त्या दिवसांत रात्री एखाद्या वस्तीवर काय बोलणे झाले असेल, कोणाच्या आईने दार उघडले असेल आणि कोणाच्या भावाने खबर दिली असेल, याचा नुसता विचार केला तरी अंगावर काटा येतो. मात्र आजच्या पद्धतीने ही मालिका काढली, तर पहिल्याच भागात सगळ्यांचे एकमत झालेले असेल, अशी मला भीती वाटते.

ही वाहिनी जनतेच्या पैशावर चालते. खाजगी वाहिन्यांसारखी केवळ जाहिरातदारांची मर्जी सांभाळणे तिला भाग नाही. त्यामुळे प्रत्येक मालिकेसाठी त्या काळाची कागदपत्रे वाचलेला एक अभ्यासक आणि संवाद लिहिणारा एक चांगला नाटककार नेमावा, आणि त्यांनी लिहिलेले वाद, शंका व चुका संकलनाच्या टेबलावर कापल्या जाऊ नयेत, एवढी विनंती संबंधितांपर्यंत आपल्या वृत्तपत्रामार्फत पोहोचावी. नातीच्या प्रश्नाचे उत्तर मी शेवटी ग्रंथालयातून पुस्तक आणून दिले.

आपला विश्वासू,
एक नियमित प्रेक्षक, सांगली